आत्याबाईंचं थेटर

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं लोटली होती, आमच्या बीबी गावाला अजून वीज यायची होती, आणि आमच्या घरात शेवटचा शब्द आत्याबाईंचा होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. जमीन मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर होती. पण कोणत्या वावरात कापूस लावायचा आणि कोणत्यात ज्वारी, हे आत्याबाई भाकरी थापता थापता ठरवायच्या. मामंजी ते मुकाट ऐकून घ्यायचे आणि ओसरीवर जाऊन, आलेल्या माणसांना आपला विचार म्हणून सांगायचे.

मी मेहकरची, मॅट्रिक झालेली. या शिक्षणाचा आत्याबाईंपुढे काही उपयोग नव्हता. आमच्या दोघींचं बोलणं म्हणजे त्यांनी सांगायचं आणि मी "हाव, आत्याबाई" म्हणायचं. मला त्यांची भीती वाटायची. त्या कधी ओरडल्या नाहीत, पण नुसत्या बघायच्या, आणि तेवढं पुरायचं.

बीबीत मला सगळ्यात जड गेलं ते एकच. माहेरी परसात चार भिंतींचा आडोसा होता. इथं बायकांनी उजाडायच्या आत नाल्याकडे जाऊन यायचं, नाहीतर दिवस मावळेपर्यंत थांबायचं. मधल्या वेळात काय करायचं हे कोणी कोणाला विचारत नसे. मी हळूहळू पाणी कमी प्यायला शिकले. जेवताना दोन घोट, दुपारी एक. घरातल्या बाकीच्या बायका काय करतात, हे मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

एका पहाटे आम्ही दोघी अशाच निघालो होतो. त्या पुढे, मी मागे. पाऊस पडून गेला होता आणि धुऱ्यावरची, म्हणजे वावराच्या बांधावरची, काळी माती लोण्यासारखी झाली होती. आत्याबाईंचा पाय सटकला आणि त्या कुशीवर पडल्या. ओरडल्या नाहीत. मी धावत गेले तर त्यांनी पहिलं काय म्हटलं असेल?

"माह्यं लुगडं नीट कर आंधी. मंग लोकं बोलाव."

मी लुगडं नीट केलं आणि मग ओरडले.

त्यांचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. शेजारच्या गावचा हाड बसवणारा म्हातारा आला. त्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, पाय ओढून पाहिला. काही दिवसांनी त्यानंच मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं, "पाटील, हा खुबा हाये. हे माह्या हातचं काम नाही. बुलढान्याले न्या."

त्या दिवसांत सरकी घेऊन जाणारा एक ट्रक मिळाला. सरकीच्या पोत्यांवर गादी टाकून आत्याबाईंना निजवलं. मी उशाशी बसले, माझे यजमान पायाशी पाय धरून, आणि मामंजी पुढे ड्रायव्हरजवळ. रस्ता असा की खड्डा आला की यजमान आईच्या पायासकट वर उडायचे. वाटेत चिखलीला सगळ्यांनी चहा घेतला. आत्याबाईंना विचारलं तर त्यांनी ओठ मिटूनच मान हलवली. पाणीही नको म्हणाल्या. मला वाटलं, दुखत असेल.

जिल्ह्याच्या दवाखान्यात नुकतेच एक तरुण डॉक्टर आले होते. पुण्याचे होते, आणि मुंबईला राहून हाडांचं शिकून आले होते. त्यांनी फोटो काढला, तो उजेडात धरला आणि मामंजींना दाखवून म्हणाले, "हे पाहा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मानेपाशी मोडला आहे. या वयात तो जुळून येत नाही. आपण तो काढून त्या जागी पोलादाचा गोळा बसवू. आजी पुन्हा चालतील."

मामंजी बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. "गंजनार नाही?"

"नाही, त्या पोलादाला गंज चढत नाही."

"आमच्या मोटंचं चाक देतानी दुकानदारानं असंच सांगतलं होतं."

डॉक्टर हसले. पण मामंजींनी विनोद केला नव्हता. शेवटी खाटेवरून आत्याबाईच म्हणाल्या, "बसवा सायेब. ह्यायचं काही ऐकू नोका." ते ठरलं.

बायकांचा वॉर्ड मोठा आणि हवेशीर होता. आत्याबाईंच्या पायाला दोरी बांधून, ती खाटेच्या टोकावरच्या चाकावरून नेऊन, खाली वाळूची पिशवी लोंबत सोडली होती. हलायची सोय नव्हती. शेजारच्या खाटेवर दुसरबीडची एक बाई होती, मोटार थांब्यावर भज्यांची गाडी लावणारी. उकळतं तेल उडून तिचा हात भाजला होता, पण जीभ एकदम धड होती. वॉर्डात कोणाला काय झालं, कोण कोणाची कोण, हे सगळं आम्हाला तिच्याकडूनच कळलं.

पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. सिस्टरनं पांढरं पसरट भांडं आणून खाटेवर ठेवलं आणि पडदा ओढला. आत्याबाईंनी त्या भांड्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"बेडपॅन, आजी. यावरच करायचं."

"गादीवर?"

"गादीवर नाही, भांड्यात."

"भांडं कुठं हाये? गादीवरच हाये ना?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. संध्याकाळ झाली तरी काही नाही. सिस्टरनं नळ सोडून ठेवला, कोमट पाण्यानं शेकलं, समजावलं. आत्याबाईंच्या कपाळावर घाम आला, ओटीपोट टम्म झालं, पण त्या म्हणत राहिल्या, "होत नाही वं. मानूसच हाये मी, निजल्या निजल्या कशी करू?" भजेवाली तिकडून म्हणाली, "मले बी पहिल्यांदा तसंच झालं होतं, माय." पण त्यानं काही फरक पडला नाही.

तेव्हा डॉक्टरांनी नळी घालायला सांगितली. ऑपरेशनच्या वेळी ती लागणारच होती, थोडी आधी घातली इतकंच. सिस्टरनं रबरी नळी उकळत्या पाण्यातून काढली, हात घासून धुतले, मला कंदिलासारखा एक दिवा धरायला लावला आणि आत्याबाईंना म्हणाली, "आजी, लांब श्वास घ्या. लाज माझ्यावर सोडा." आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. मग खाटेखालच्या काचेच्या बाटलीत आवाज सुरू झाला. तो थांबेचना. सिस्टरनं वाकून बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

आत्याबाईंचं तोंड हळूहळू सैल झालं. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "अवं माय!" आणि थोड्या वेळानं, "हे आता आपोआपच?"

"आपोआप," सिस्टर म्हणाली. "नळी आहे तोवर तुम्हाला काहीच करायचं नाही."

"काय म्हन्ते याले?"

"कॅथेटर."

"थेटर," आत्याबाई म्हणाल्या आणि झोपी गेल्या.

ऑपरेशन झालं. कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे आत काय चाललंय हे त्यांना ऐकू येत होतं. बाहेर आणल्यावर त्यांनी मामंजींना सांगितलं, "सुतारावानी ठोकून राह्यले होते." पायांच्या मध्ये उशी बांधलेली, रंग थोडा उतरलेला, पण नजर तीच. मामंजींनी विचारलं, "लय दुखते का?" तर म्हणाल्या, "दुखनं राहू द्या. थेटर पाहा बरं जागेवर हाये का."

मामंजींना वाटलं, त्या ऑपरेशनच्या खोलीबद्दल बोलतायत. ते खरंच बाहेर जाऊन खोली पाहून आले आणि म्हणाले, "हाये जागेवर. दार लावलं हाये." भजेवाली पदर तोंडात कोंबून हसली.

त्यानंतरचे दिवस मला अजून स्वच्छ आठवतात, कारण आत्याबाई इतक्या खुशीत मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. खुब्याला मोठी जखम, त्यात टाके, अंग हलवता येत नाही, आणि ही बाई खुशीत. सकाळी डोळा उघडला की म्हणायच्या, "पानी दे." मी पेलाभर द्यायचे. "अजून दे." चहा आला की दोन कप. मामंजींनी गावाकडून ताकाचा गडवा आणला तर त्यातलं निम्मं एका दमात. मग हात खाली करून बाटलीकडे बोट दाखवायच्या आणि मला विचारायच्या, "कुठंवर आलं?" मी सांगितलं की समाधानानं मान हलवायच्या, विहिरीला पाणी लागल्यासारख्या.

एकदा दुपारी वॉर्ड शांत होता. मी त्यांचे केस विंचरत होते. त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "तुले सांगू का? मी लग्न होऊन आली तवापासून पोटभर पानी नाही पेली."

माझा हात थांबला.

"वावरात निंदाले गेलं तं गडी मानसं असत. घरी माह्ये सासरे असत, दीर असत. मंग कोन पेते पानी? लग्नाले जायचं असलं तं आदल्या दिवसापासून बंद. त्या ट्रकात तं माह्यी जीभ टाळूले चिकटून गेली होती. आता ह्या थेटरामुळं पेऊन राह्यली. बाई, पानी इतकं गोड राह्यते हे मी इसरूनच गेली होती."

मी म्हणाले, "मी पण नाही पीत, आत्याबाई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नेहमीचं ते पाहणं नव्हतं.

"काऊन सांगतलं नाही मले?"

"तुम्हाले कसं सांगू?"

"हाव," त्या म्हणाल्या. "मले तरी कोनाले सांगता आलं? आन ते पानी."

त्या दिवशी आम्ही दोघी एका तांब्यातून पाणी प्यायलो. दवाखान्याच्या आवारात बायकांसाठी वेगळा संडास होता, दाराला आतून कडी असलेला. मी तिथं दिवसाउजेडी जायचे आणि परत येऊन पुन्हा प्यायचे.

सिस्टर आमच्याच वयाची, म्हणजे माझ्या वयाची होती. चटपटीत, पण आवाज खालचा. बाटली रिकामी करायची, नळी मांडीला चिकटपट्टीनं नीट लावायची, नळीला पीळ पडला नाही ना ते पाहायची, सगळं हातासरशी. एकदा आत्याबाईंनी तिला विचारलं, "कोन्या गावची वं तू?"

"हिवऱ्याकडची, मेहकर तालुक्यातली."

"कोनाची?"

सिस्टर थर्मामीटर झटकत होती. तिनं झटकणं थांबवलं नाही. "आम्ही बौद्ध आहोत, आजी."

मी हातातला पेला घट्ट धरला. आमच्या गावात कोणाला पाणी कसं वाढतात हे मला माहीत होतं, आणि ते सिस्टरलाही माहीत असणारच. आत्याबाईंनी पुढचं विचारलं.

"तुले कोनं शिकवलं?"

"आईनं. मजुरी करून."

"हुश्शार हाये तुही माय," आत्याबाई म्हणाल्या. "पानी दे बरं मले."

पेला माझ्याच हातात होता. सिस्टरनं तो माझ्याकडून घेतला, भरला आणि त्यांच्या मानेखाली हात घालून पाजला. आत्याबाईंनी सगळा संपवला आणि मग भज्यांच्या पिठात ओवा घालावा की नाही, यावर शेजारच्या खाटेशी त्यांचा वाद सुरू झाला.

मग एक सकाळ अशी आली की डॉक्टर जखम पाहून म्हणाले, "छान. आजी, आज नळी काढून टाकू."

आत्याबाईंचा चेहरा पडला. "काऊन? म्या काय केलं?"

"काही केलं नाही. आता गरज नाही तिची."

"तुमाले गरज नाही, सायेब. मले हाये. राहू द्या. मी गावाले घेऊन जाते. बाटली बी धुईन, कोनाले तरास नाही देनार."

डॉक्टरांना आधी हसू आलं, पण ते खाटेवर टेकले आणि नीट सांगू लागले. "आजी, ही नळी म्हणजे बाहेरून आत जाणारी वाट आहे. आतलं पाणी त्या वाटेनं बाहेर येतं, तसे बाहेरचे जंतू आत जातात. जितके दिवस नळी, तितका धोका. लघवीला आग होईल, थंडी वाजून ताप येईल. आणि ते जंतू रक्तातून त्या नव्या गोळ्यापर्यंत गेले, तर गोळा काढावा लागेल. इतकं ठोकून बसवलेला."

शेवटचं वाक्य त्यांना पटलं. ठोकलेलं त्यांनी स्वतः ऐकलं होतं. "काढा मंग," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरनं नळी काढली तेव्हा तिच्याकडे अशा पाहत होत्या की जणू कोणी लेक सासरी चालली आहे.

आता पुन्हा बेडपॅन आणि पुन्हा तेच. दुपार झाली. पाणी तर भरपूर प्यायलेलं. पुण्याचे डॉक्टर फेरीला आले की विचारायचे, "आजी, लघवी झाली का?" आणि सगळा वॉर्ड एका सुरात उत्तर द्यायचा, "नाही झाली!" भजेवालीनं आपल्या ओळखीच्या देवाला नारळ बोलला. यजमान बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, बायको बाळंतीण होत असल्यासारखे. आत्याबाई मात्र मनातून खूष असाव्यात असा मला संशय आला, कारण डॉक्टर म्हणाले होते की संध्याकाळपर्यंत झाली नाही तर नळी परत घालावी लागेल.

सिस्टरलाही तोच संशय आला असावा. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, खरं सांगा. होत नाही की करत नाही?"

"होत नाही वं," आत्याबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुह्या गळ्याची शप्पत. पोट फुटून राह्यलं. पन निजून होतच नाही."

डॉक्टर आणि सिस्टर बाजूला जाऊन काही बोलले. डॉक्टर म्हणाले, "बसवू. पण उंचावर. गुडघे कमरेच्या वर गेलेले मला चालायचे नाहीत." मग शोध सुरू झाला तो खुर्चीचा. डॉक्टरांच्याच खोलीत एक जुनी वेताची खुर्ची होती, जिचा मधला वेत तुटून भलंमोठं भोक पडलं होतं आणि जिच्यावर ते फळी टाकून बसायचे. त्यांनी फळी काढली आणि खुर्ची स्वतः उचलून वॉर्डात आणली. चारही पायांखाली विटा लावल्या, खाली घमेलं ठेवलं, काठाला कापूस गुंडाळला. मग ते स्वतः आधी बसून उंची पाहू लागले तेव्हा वॉर्डात हसण्याची लाट उठली, पण ते आपले गंभीरपणे गुडघ्याचा कोन पाहत होते.

आत्याबाईंना उभं करणं हेच मोठं काम होतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या जमिनीवर पाय टेकत होत्या. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला सिस्टर, पुढून मी. त्यांनी दोघांचे खांदे घट्ट धरले. "निघनार तं नाही ना तो गोळा?" "नाही निघणार. चांगला पाय पुढे, हा थोडा वाकवून बाहेर. मागे टेका. हां." त्या बसल्या. पाठ ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. पडदा ओढला. डॉक्टर बाहेर गेले, सिस्टर बाहेर गेली.

"तू बी जा," आत्याबाई मला म्हणाल्या.

"पडाल तुम्ही."

"नाही पडत. जा म्हन्ते ना."

मी पडद्याबाहेर उभी राहिले, हात पडद्याच्या कापडावर ठेवून. वॉर्डात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खोकणाऱ्या बाईनंही खोकला दाबून धरला. बाहेर कुठंतरी टांग्याचा घोडा फुरफुरला. आणि मग पत्र्याच्या घमेल्यात असा आवाज झाला की विचारायची सोयच राहिली नाही.

"झाली वं माय, झाली!" भजेवाली ओरडली, भाजका हात वर करून. सगळा वॉर्ड हसायला लागला. सिस्टर भिंतीला टेकून हसत होती, डॉक्टर दारातच उभे होते आणि टाळी वाजवावी की नाही या विचारात असल्यासारखे दिसत होते. व्हरांड्यातून यजमानांनी विचारलं, "काय झालं? काय झालं?" कोणालाच सांगता येईना.

पडद्याआडून आत्याबाईंचा आवाज आला, "चूप बसा वं! अजून व्हायची हाये."

त्या खुर्चीनंतर सगळं सोपं झालं. जखम भरली, टाके निघाले, त्या काठी घेऊन वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागल्या आणि प्रत्येक खाटेशी थांबून चौकशी करायला लागल्या. घरी सोडायची वेळ आली. डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून बजावलं, "उकिडवं बसायचं नाही. कधीच नाही. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. नाहीतर गोळा खोबणीतून निसटेल."

आत्याबाईंनी विचारलं, "मंग मी नाल्यावर कशी जाऊ?"

"नाल्यावर जायचंच नाही. घरी खुर्चीचा संडास करून घ्या."

मामंजी आतापर्यंत डॉक्टरांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. आता त्यांची मान थांबली. "घरात? संडास?"

"घराच्या आवारात."

"सायेब, जिथं सैपाक होते, देव हाये, तिथं हे? आमच्या आख्ख्या आळीत कोनाच्या घरी नाही. लोक थुकतीन तोंडावर. दोन बाया धरून नेतीन हिले, हाय काय नी नाय काय."

आत्याबाईंनी काठी घेतली. काठी टेकत खाटेकडे गेल्या आणि निजल्या. दुसऱ्या दिवशी मामंजी भाड्याची जीप घेऊन आले तर त्या उठेनात.

"चाल ना. जीप उभी हाये."

"तुमी जा. मी इथंच राह्यते. इथं सोय हाये."

"अवं, दवाखान्यात कोन राह्यते जलमभर?"

"मी राह्यते. मले इथं काही कमी नाही. पोरी, तू बी राह्यतं ना?"

सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली. मामंजींपुढे मी तोवर डोक्यावरचा पदर सावरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मी म्हणाले, "हाव, आत्याबाई. मी बी राह्यते."

मामंजींनी मुलाकडे पाहिलं. मुलगा खिडकीबाहेर पाहत होता, पण त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो हसतोय. भजेवाली म्हणाली, "पाटील, दोघी नाही आल्या तं भाकरी कोन टाकीन तुमाले? मी दुसरबीडहून भजे पाठवू का रोज?"

मामंजी निघून गेले. रिकामी जीप गेली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण आत्याबाई निवांत होत्या. "ह्यायच्या नाकावर राग राह्यते, पोटात नाही," त्या म्हणाल्या आणि चहा मागितला. डॉक्टरांना खाट हवी होती, तरी त्यांनी तो विषय काढलाच नाही. फेरीला आले की आमच्या खाटेपाशी येऊन जखमेवर उगाच बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं पाहू."

मामंजी परत आले तेव्हा अंगरख्यावर चुन्याचे डाग होते. ग्रामसेवकाकडून खड्डा कसा घ्यायचा ते त्यांनी समजून घेतलं होतं, परसाच्या टोकाला, विहिरीपासून लांब, दोन गडी लावून तो खणून घेतला होता, वर तुराट्यांचा नाही तर चक्क विटांचा आडोसा बांधला होता. आणि गावच्या सुताराला बसवून निंबाच्या लाकडाची खुर्ची करून घेतली होती. सुतारानं जन्मात असलं काम केलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं की भोकाचा घेर किती ठेवू. मामंजींनी उत्तर दिलं होतं, "मोठाच ठेव. मापात चुकायले जागा नोको."

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दाराले कडी?"

"हाये."

"आतून?"

"आतून वं बाई, आतून!"

त्या उठल्या. निघताना सिस्टरला जवळ बोलावून तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. भजेवालीला सोडायला अजून वेळ होता; ती रडली आणि हसली, दोन्ही.

गावात आलो तर दारात बायकांची गर्दी. आत्याबाई थेटरात जाऊन आल्या एवढीच बातमी गावात पोचली होती, त्यामुळे अर्ध्या जणींना पोलादाचा पाय पाहायचा होता आणि अर्ध्या जणींना कोणता सिनेमा पाहिला ते ऐकायचं होतं. पण थोड्याच वेळात सगळा घोळका परसात गेला. खुर्ची पाहून पहिल्यांदा सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेक जण आत जाऊन, कडी लावून, नुसती बसून बाहेर येऊ लागली. एक म्हातारी बराच वेळ आतच होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "लय निवांत वाटते वं." आत्याबाईंनी तिथल्या तिथं जाहीर केलं की आळीतल्या कोणत्याही बाईनं दिवसा केव्हाही यावं, विचारायची गरज नाही, फक्त पाणी टाकून जावं. मामंजी ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आत्याबाई पुढं पुष्कळ वर्षं चालल्या, थोड्या लंगडत, पण वावरापर्यंत. थंडीत खुबा ठणकायचा. मला पहिला मुलगा झाला तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग त्या खुर्चीचा मलाच झाला, आणि पोट वाढलेलं असताना मला धुऱ्यावरून नाल्याकडे जावं लागलं नाही, याबद्दल मी त्या मोडक्या खुब्याचे आभार मानले. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांनी खड्डा खणला, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी.

मामंजींनी मात्र शब्द पाळला. आपण बाबा तिकडं फिरकणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, आणि रोज टमरेल घेऊन ते लांब वावराकडे जात राहिले. मग एका वर्षी श्रावणात झड लागली. सलग पाऊस, धुरे वाहून गेलेले, नाल्याला पूर. मी चुलीपुढे होते. परसाच्या दाराशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून पाहिलं तर मामंजी. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात टमरेल, मिशांतून पाणी गळतंय. संडासाचं दार आतून लावलेलं होतं. त्यांनी एकदा खाकरलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

"कोन हाये?" आतून आत्याबाईंनी विचारलं.

मामंजींनी टमरेल या हातातून त्या हातात घेतलं. पावसात तसेच उभे राहिले, पायातल्या वहाणा चिखलातून सोडवत.

"मी बसली हाये अजून," आत्याबाई म्हणाल्या. "उभं राहा जरासं."